नागपुरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी, बदली, शिक्षण किंवा लग्न अशा कारणांनी नागपुरात बिऱ्हाड थाटणारे लोक पहिल्या वर्षभरात जे प्रश्न विचारतात, ते आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. दोन दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्याला यातील बराच मजकूर निरुपयोगी वाटेल. तो येथे राहणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे.

शहराच्या दिशा लवकर कशा समजतील?

नकाशावर आधी रेल्वेमार्ग शोधावा. हा मार्ग शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करतो आणि नागपूरचा इतिहासही जवळपास याच रेषेवर दुभंगलेला आहे. भोसल्यांची राजधानी पूर्वेकडे महालात होती आणि तिच्याभोवती इतवारी, गांधीबाग, शुक्रवारी, सक्करदरा अशी दाट वस्ती वाढली. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर भोसले हरले आणि पुढे इंग्रजांचे शहर पश्चिमेकडे पसरले. सिव्हिल लाइन्समधील रुंद रस्ते, मोठी आवारे आणि सरकारी कचेऱ्या त्याच काळाची देणगी आहेत. सीताबर्डी, म्हणजे लोकांच्या तोंडची 'बर्डी', या दोन्ही शहरांच्या सांध्यावर बसली आहे आणि म्हणूनच सगळी वाहने शेवटी तिथेच जाऊन भिडतात.

दुसरी खूण रस्त्यांच्या नावांची आहे. वर्धा रोड दक्षिणेकडे, कामठी रोड उत्तरेकडे, अमरावती रोड पश्चिमेकडे आणि भंडारा रोड पूर्वेकडे जातो. त्यांच्या मधल्या फटींत काटोल, कोराडी, उमरेड आणि हिंगणा रोड बसतात. हे आठ रस्ते आणि त्यांना छेदणारा रिंग रोड एवढे लक्षात राहिले की शहरात हरवणे कठीण होते. पत्ता मात्र रस्त्यावरून क्वचितच सांगितला जातो. तो चौक, पुतळा आणि लेआउट यांवरून सांगितला जातो. 'तुकडोजी पुतळ्यावरून उजवीकडे' हा येथे पूर्ण पत्ता समजला जातो.

घर कोणत्या भागात घ्यावे?

कामाचे ठिकाण रेल्वेमार्गाच्या ज्या बाजूला असेल त्याच बाजूला घर पाहावे, हा आमचा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. नागपुरात अंतरे मोठी नाहीत. त्रास होतो तो रामझुला, लोहापूल, अजनीचा पूल, मंगळवारीचा पूल अशा मोजक्याच ठिकाणी सगळी वाहतूक अडकते त्याचा. सकाळी दहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास हे पूल रोज ओलांडणे ज्यांना टाळता येते, त्यांचा दिवस बराच सुखाचा जातो.

मिहानमधील, म्हणजे विमानतळालगतच्या औद्योगिक प्रकल्पातील, कंपन्यांत किंवा एम्समध्ये काम असल्यास मनीषनगर, नरेंद्रनगर, खामला, सोमलवाडा आणि वर्धा रोडलगतचा पट्टा सोयीचा पडतो. बुटीबोरीला रोज जाणाऱ्यांनीही याच बाजूला राहावे. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम असेल तर त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, सुभाषनगर हे भाग जवळचे आहेत. हायकोर्ट, विधानभवन, विद्यापीठ आणि सरकारी कार्यालयांसाठी धरमपेठ, गोकुळपेठ, रविनगर उत्तम. मात्र तेथील भाडे शहरातल्या सर्वांत चढ्या भाड्यांत मोडते. बजाजनगर आणि लक्ष्मीनगर यांना कुटुंबासह राहणाऱ्यांची पसंती असते. नंदनवन, मानेवाडा, हुडकेश्वर या बाजूला त्याच पैशात मोठे घर मिळते, आणि शेजारधर्म अजून टिकून असलेल्या वस्त्या पाहायच्या असतील तर त्याही तिकडेच अधिक सापडतात. उत्तरेकडे जरीपटक्यात सिंधी व्यापाऱ्यांची मोठी बाजारपेठ आहे, त्यामुळे घराखालीच सगळे काही मिळते.

घर पाहताना नेमके काय तपासावे?

पाणी आणि छत, या क्रमाने. महानगरपालिकेचा नळ आहे की केवळ बोअरवेल, हे घरमालकाला स्पष्ट विचारावे. शहराला मुख्यतः पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे पाणी मिळते, पण नव्या लेआउटमध्ये आणि बेसासारख्या महापालिकेच्या हद्दीबाहेरील भागात उन्हाळ्यात टँकरवर विसंबावे लागू शकते. शक्य असल्यास घर एप्रिल किंवा मे महिन्यात पाहावे, कारण जे घर डिसेंबरमध्ये उबदार आणि प्रसन्न वाटते, तेच मे महिन्यात भट्टी ठरू शकते. सर्वांत वरचा मजला आणि पश्चिमेकडे तोंड असलेली शयनगृहे स्वस्त मिळतात, याचे कारण पहिल्याच उन्हाळ्यात कळते. कूलर बसेल अशी खिडकी आहे का आणि तिच्याजवळ पाण्याचा नळ व विजेचा बोर्ड आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

करार सहसा 11 महिन्यांचा असतो. त्याची नोंदणी महाराष्ट्रात कायद्याने आवश्यक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, हे अनेक घरमालक सोयीस्कररीत्या विसरतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे कामही त्याच वेळी उरकून घ्यावे.

रोजच्या प्रवासासाठी मेट्रो पुरेशी आहे का?

घर आणि कार्यालय दोन्ही मेट्रोमार्गाजवळ असतील तर पुरेशी आहे, अन्यथा नाही. दोन मार्ग आहेत: ऑरेंज मार्ग खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत म्हणजे वर्धा रोडवरून कामठी रोडकडे जातो, तर ॲक्वा मार्ग लोकमान्यनगरपासून प्रजापतीनगरपर्यंत पश्चिम–पूर्व धावतो. दोन्ही मार्ग सीताबर्डी स्थानकात एकमेकांना मिळतात आणि तेथे गाडी बदलता येते. डिसेंबर 2022 पासून दोन्ही मार्ग पूर्ण लांबीने सुरू आहेत. पूर्व–पश्चिम जाताना वर सांगितलेल्या पुलांवरची कोंडी मेट्रो सरळ टाळते, हा तिचा खरा फायदा आहे. विमानतळाचे मेट्रो स्थानक वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. सामान जड असेल तर पुढच्या टप्प्यासाठी वाहनाची सोय धरूनच निघावे.

मानेवाडा, दिघोरी, काटोल रोड किंवा उमरेड रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना मात्र महापालिकेची 'आपली बस', शेअर ऑटो किंवा स्वतःची दुचाकी यांवरच भिस्त ठेवावी लागते. सिटी बसचे मुख्य ठिकाण सीताबर्डीतील मोरभवन आहे. ऑटोरिक्षा मीटरने नेण्याचा रिवाज येथे जवळपास नाही, त्यामुळे बसण्यापूर्वी भाडे ठरवावे. मोबाइलवरील ॲपवर दिसणारा दर आधी पाहून ठेवला की घासाघीस थोडक्यात आटोपते. खरे सांगायचे तर हे शहर दुचाकीचे आहे, आणि बहुतेक नवागत सहा महिन्यांत गाडी घेतातच. हेल्मेट सोबतच घ्यावे.

रेल्वे आणि एसटी कोठून मिळते?

तिकिटावर स्थानकाचे नाव नीट वाचावे. नागपूर मुख्य स्थानकाखेरीज काही गाड्या अजनीहून आणि काही इतवारीहून सुटतात आणि ऐन वेळी चुकीच्या स्थानकावर पोहोचलेले प्रवासी हे येथील नेहमीचे दृश्य आहे. मुख्य स्थानकालाही दोन बाजू आहेत: पश्चिमेकडे जुनी दगडी इमारत आणि पूर्वेकडे संत्रा मार्केटचे प्रवेशद्वार. मेट्रोने येणाऱ्यांना पूर्वेची बाजू जवळची पडते. एसटीचे मध्यवर्ती बसस्थानक गणेशपेठेत आहे. जवळच्या गावांना जाणाऱ्या काही गाड्या मोरभवनातूनही सुटतात. मुंबईकडे स्वतःच्या गाडीने निघणाऱ्यांसाठी 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शहराच्या दक्षिणेला शिवमडक्यापासून सुरू होतो. त्यावर निघण्यापूर्वी टायर आणि त्यांतील हवा अवश्य तपासावी, कारण तापलेल्या काँक्रीटवर तासन्तास एकाच वेगाने गाडी चालवताना जुने टायर दगा देतात.

नागपूरचा उन्हाळा खरोखर इतका कडक असतो का?

होय. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणे येथे बातमी होत नाही. 25 मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या नवतपात, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी रस्ते ओस पडतात आणि शहाणा माणूस त्या वेळी बाहेरची कामे काढतच नाही. बँक, बाजार, गॅस, दवाखाना ही कामे सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर करावीत. बाहेर पडावेच लागले तर डोके आणि कान दुपट्ट्याने बांधावे. दुचाकीवरील निम्मे शहर असे चेहरे झाकून फिरताना दिसेल, त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ताक, कैरीचे पन्हे आणि माठातले पाणी यांचा भाव या दिवसांत कोणत्याही थंड पेयापेक्षा वरचा असतो. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही अशी समजूत आहे. कांदा हवा तर ठेवावा, पण पाणी पिणे सोडू नये.

एसी घ्यावा की कूलर?

नव्याने आलेले लोक बहुधा एसी घेऊन येतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात कूलरही घेतात. मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत येथील हवा इतकी कोरडी असते की ओल्या गवतातून खेचलेला वारा खोली झपाट्याने थंड करतो आणि वीजही कमी लागते. मार्चअखेरीस कूलर उतरवून त्याच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्यांतील जुने, क्षारांनी कडक झालेले गवत काढून टाकावे, नवे वूडवूल किंवा वाळा भरावा, पाण्याचा पंप चालतो का ते पाहावे आणि वरच्या पन्हळीची छिद्रे तारेने मोकळी करावीत, नाहीतर गवताचा अर्धा भाग कोरडाच राहतो. कूलर चालू असताना खोलीची दुसरी खिडकी किंवा दार थोडे उघडे हवे. बंद खोलीत केवळ दमटपणा वाढतो आणि मग लोक कूलरला नावे ठेवतात.

याबाबत एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्यावी. लोखंडी कूलरमध्ये वीज उतरून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसे दगावतात. अर्थिंगची जोडणी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी, पाणी भरताना प्लग काढावा आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी कूलर ठेवावा. पाऊस सुरू झाला की हवेतील ओलाव्यामुळे कूलरचा उपयोग संपतो. तेव्हा टाकी रिकामी करून कोरडी करावी, कारण साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

पावसाळ्यात कोणती काळजी घ्यावी?

एरवी पावसाळा सुसह्य असतो. तरीही 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचे पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा सुस्थितीतील वस्त्यांत शिरले आणि मोरभवनातील बसगाड्याही पाण्यात उभ्या राहिल्या. तेव्हापासून तळमजल्याचे घर घेताना 'येथे पाणी शिरले होते का' हा प्रश्न शेजाऱ्यांना विचारण्याची पद्धत पडली आहे, आणि ती योग्यच आहे. जोराच्या पावसात नरेंद्रनगर आणि लोहापुलाखालचे भुयारी रस्ते टाळावेत.

खरेदी कोठे करावी?

कपडे, चपला आणि किरकोळ गोष्टींसाठी बर्डीचा मुख्य रस्ता. तेथे गाडी नेण्याचा विचारही करू नये, मेट्रोने जावे. महिन्याचा किराणा, लग्नाचा बस्ता, भांडी किंवा सोने घ्यायचे असेल तर इतवारी आणि गांधीबाग गाठावे. इतवारीत धंद्यानुसार ओळी लागतात, किराणा ओळीत सुकामेवा आणि मसाले, सराफा ओळीत दागिने, आणि एका ओळीतील दहा दुकाने फिरून भाव काढणे हे तेथे अपेक्षितच असते. भाजीसाठी गोकुळपेठचा बाजार नीटनेटका पण महाग आहे; मोठ्या प्रमाणात घ्यायची असेल तर पहाटे कॉटन मार्केट. याशिवाय बहुतेक वस्त्यांत आठवडी बाजार भरतो, त्याचा वार शेजारी सांगतील. भाजीवाल्या मावशींनी 'सांबार पाहिजे का' विचारले तर त्या कोथिंबिरीबद्दल बोलत आहेत.

खाण्यापिण्याची सुरुवात कोठून करावी?

सकाळच्या तर्री पोह्यांपासून. पिवळ्या पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री पळीने ओतली जाते, वर कच्चा कांदा, थोडा चिवडा आणि लिंबाची फोड. कस्तुरचंद पार्कच्या आसपास गाड्यांवर सकाळी जी गर्दी दिसते ती याचसाठी. पुण्या–मुंबईच्या कोरड्या, खोबरे भुरभुरलेल्या पोह्यांशी याची तुलना करू नये. हा वेगळा पदार्थ आहे. अकरानंतर गेल्यास पातेले रिकामे सापडण्याची शक्यता अधिक.

सावजी जेवणाबद्दल नवागतांच्या मनात भीती आणि उत्सुकता सारखीच असते. हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून भोजनालयांत आलेली ही मटण–चिकनची परंपरा आहे आणि तिचा मसाला तोंडाइतकाच दुसऱ्या दिवशीही जाणवतो. पहिल्यांदा जाताना रस्सा वेगळा मागवावा, तरंगणारी तर्री कमी घालायला सांगावी आणि रविवारी दुपारच्या गर्दीत लवकर पोहोचावे. शाकाहारी मंडळींनी तेथे पाटवडी रस्सा किंवा डाळकांदा मागवावा. आमच्या मते पाटवडी ही या जेवणातली सर्वांत दुर्लक्षित चीज आहे. घरगुती पंगतीत कोणी वडाभात किंवा गोळाभात वाढला तर वरून फोडणीचे तेल नाकारू नये, त्याविना तो कोरडा लागतो. संत्रा बर्फी पाहुण्यांना नेण्यासाठी आहे. नागपूरकर ती स्वतः फारशी विकत घेत नाहीत.

चांगली संत्री केव्हा मिळतात?

वर्षातून दोनदा. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान बाजारात येतात. मृगाची फळे अधिक गोड असतात असे बहुतेक जाणकार मानतात. सालीवरचा हिरवट डाग पाहून फळ बाजूला टाकू नये. सैल साल आणि हाताला लागणारे वजन पाहावे.

लोकांशी बोलताना काय लक्षात ठेवावे?

दुकानदार किंवा रिक्षावाला हिंदीत सुरुवात करील, कारण 1956 पर्यंत हे शहर मध्य प्रांताची आणि पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि दोन्ही भाषा येथे शेजारी नांदतात. आपण मराठीत उत्तर दिले की तोही मराठीत वळतो. रिक्षावाल्याला भाऊ, वयस्क दुकानदाराला काका, बाईमाणसाला ताई किंवा मावशी म्हणावे. 'काय करून राहिले?' ही आपुलकीची चौकशी आहे, उलटतपासणी नव्हे.

कोणत्या दिवशी शहरातील रस्ते बंद असतात?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, इतवारी आणि महाल भागातून काळी व पिवळी मारबत निघते. कागद–बांबूच्या या प्रचंड पुतळ्यांमागे चालू घडामोडींवर टोमणे मारणारे, बडगे नावाचे आणखी पुतळे असतात आणि 'ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत' या आरोळीने गल्ल्या दणाणतात. त्या दिवशी पूर्व नागपुरात गाडी नेऊ नये, पायी मात्र अवश्य जावे; दुसऱ्या कोणत्याही शहरात हे पाहायला मिळणार नाही.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो अनुयायी येतात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धम्मदीक्षा घेतली. दोन-तीन दिवस लक्ष्मीनगर, रहाटे कॉलनी आणि काचीपुरा परिसरातील वाहतूक बदललेली असते. त्या परिसरात लागणारी पुस्तकांची दुकाने हा वाचकांसाठी वर्षातला मोठा योग असतो, त्यासाठी वेळ काढून जावे. त्याच दिवशी सकाळी रेशीमबागेत राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा मेळावा असतो. रामनवमीला पोद्दारेश्वर राम मंदिरातून शोभायात्रा निघते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की सिव्हिल लाइन्स, झिरो माइल आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंट येथे अडथळे उभे राहतात, मोर्चे अडवले जातात आणि हॉटेलांत खोली मिळत नाही. त्या आठवड्यांत पाहुण्यांना बोलावू नये.

आजारपणात कोठे जावे?

'मेडिकल' म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि 'मेयो' म्हणजे रेल्वे स्थानकाजवळचे इंदिरा गांधी शासकीय रुग्णालय. रिक्षावाल्याला एवढेच सांगितले तरी पुरते. मिहानमध्ये एम्स आहे. खासगी रुग्णालये धंतोली आणि रामदासपेठेत एकवटली आहेत आणि तेथे गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून रुग्णासोबत आणखी एक माणूस न्यावा. तातडीच्या वेळी 112 क्रमांक लावावा.

संध्याकाळ आणि सुटीचा दिवस कोठे घालवावा?

फुटाळा तलावाच्या काठावर तरुणांची गर्दी असते. शांतता हवी असेल तर सेमिनरी हिल्स किंवा पहाटेचा अंबाझरी. अजब बंगला, म्हणजे 1863 मध्ये सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, मुलांना दाखवावे. नाटकांसाठी सिव्हिल लाइन्समधील वसंतराव देशपांडे सभागृह आणि रेशीमबागेतील सुरेश भट सभागृह यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट या तीन दिवशीच सर्वसामान्यांसाठी उघडतो. सकाळी लवकर गेल्यास रांग लहान असते.

शहराबाहेर रामटेक आणि शेजारचा खिंडसी तलाव एका दिवसात सहज होतात, सेवाग्रामही होते. पेंच आणि ताडोबाच्या गाभा क्षेत्रातील सफारी जुलै ते सप्टेंबर बंद असते. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता वाढते, म्हणून एप्रिल–मेची आरक्षणे बरीच आधी संपतात. ती ऑनलाइन करावीत आणि ज्या ओळखपत्रावर आरक्षण केले तेच मूळ स्वरूपात प्रवेशद्वारावर न्यावे.